शपथ महादेवाची, विहीर धुरपताबाईची

मला माणसांची किळस येते. शेणाची येत न्हाई, गोठ्याची येत न्हाई, चाळीस वरीस किराणा दुकानात बसले तरी उंदराघुशींची कधी आली न्हाई. पण त्या दुष्काळात आमच्या गावानं जे केलं ते आठवलं की आजबी तोंडाला कडू पाणी सुटतं. आमच्या जातीतली लोकं म्हणतात, नीलाबाई, झालं गेलं, आता कशाला उगाळायचं. मी उगाळणार. मला गप बसवायला आजवर कुणाला जमलं न्हाई.

उदगीर रोडपासून आत आमचं गाव. महादेवाच्या देवळासमोर माझं दुकान. सांगायचंय ते माझं न्हाई, महानंदाचं. गाव तिला महानंदा मॅडम म्हणतं. मी तिला पोरगीच म्हणते, केस पिकले तरी.

तिचा बाप साहेबराव. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, घरातले देव बाहेर काढले. गावानं त्याचा राग लई वर्षं पोटात ठेवला. गावच्या आडावर त्यांना पोहरा टाकू देत नव्हते. बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होऊन आले, तवा निम्मं गाव सडकेवर खडी फोडायला जायचं. साहेबराव आन त्याची बायको धुरपताबाई बी जायचे, आन सांजच्याला परत येऊन आपल्या तुकड्यात विहीर खणायचे. लोक हसले. आमच्या सासऱ्यानं तर म्हणलं, खडकात पाणी हाय म्हणून याला कुणी सांगितलं. पण पाणी लागलं. आन असं लागलं की पुढं गावचा आड आटला, बोअर आटले, पर ती विहीर लई वर्षं तळाला गेली न्हाई. साहेबराव दर उन्हाळ्यात कमरेला दोर बांधून उतरायचा आन गाळ काढायचा. तो गेल्यावर धुरपताबाईनं वस्तीतल्या बायांकडून काढून घेतला. पाणी असंच टिकत न्हाई हो.

ब्याऐंशी साली लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला. शाळेत पेढे वाटले. गुरुजी म्हणाले, आता सगळं जवळ आलं. आमच्यासाठी कायबी जवळ आलं न्हाई, पर महानंदासाठी आलं. दहावी झाली तशी ती लातूरला होस्टेलात गेली, कॉलेजात गेली, आन शिकायला घेतलं काय, तर इतिहास. त्यातबी इंग्लंडचा. मी म्हणलं, पोरी, त्या गोऱ्यांचं तुला काय पडलंय. ती म्हणाली, "काकू, आपला इतिहास वाचला की राग येतो, डोकं चालत नाही. त्यांचा वाचला की डोकं चालतं. आणि शेवटी गोष्ट तीच असते."

मग ती शिकवायला लागली. आधी कॉलेजात. तिथं पोरं सगळी सायन्सला पळाली, इतिहासाचे बाक रिकामे पडले, मग स्पर्धा परीक्षेच्या क्लासमधी. लग्न केलं न्हाई. का, ते मी विचारलं न्हाई, आन ज्यांनी विचारलं त्यांना तिनं सांगितलं न्हाई. आईला लातूरला ने म्हणलं तर धुरपताबाई विहीर सोडून जायला तयार नव्हती. म्हणून दर सुट्टीला हीच यायची. उतरली की आधी विहिरीत डोकावायची, मग घरात जायची.

आन मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शहरात प्यायला थेंब न्हाई म्हणल्यावर क्लासवाल्यांनी पोरांना घरी धाडलं. महानंदा बी पिशवी घेऊन गावाकडं आली.

तवा गावातल्या तरण्या पोरांना एका इंग्रजी सिरियलचं खूळ लागलं होतं. रान करपलेलं, काम न्हाई, दिवसभर माझ्या दुकानापुढच्या कट्ट्यावर एका फोनात सात मुंडकी. काय बघता रे, म्हणलं तर जहाजातून दाढीवाले उतरतात, देवळं लुटतात, साधूंना कापतात, बाया ओढून नेतात. आन ही पोरं टाळ्या कुणाला देतात, तर कापणाऱ्यांना. मी फोन हिसकून घ्यायच्या बेतात होते.

ह्या पोरांचा पुढारी माणिकप्पा. आमच्यातलाच, चुलत दिराच्या पोटचा. बापाची भुसार आडत बुडवली आन टँकर घेतले. सरकारी टँकरचा ठेका त्याच्याकडंच, लॉजवाल्यांना पाणी पुरवणारा बी तोच. शिवाय उदगीर वेगळा जिल्हा झाला पायजे म्हणून जी हाकाटी चालली होती, त्यात बी हा पुढं. त्यासाठी चौकात फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर ह्याचा फोटो, आन डोक्यावर त्या सिरियलवाल्यांसारखं शिंगांचं टोपडं. लुटारू म्हणून मिरवायला बी आजकाल लाज वाटत न्हाई.

महानंदा तो फ्लेक्स बघून माझ्या दुकानात आली आन हसतच सुटली. म्हणाली, "अरे, ती शिंगं खोटी आहेत. तसली शिरस्त्राणं त्या लोकांची कुठं सापडलीच नाहीत. हजार वर्षांनी नाटकवाल्यांनी ती त्यांच्या डोक्यावर बसवली." पोरांची तोंडं उतरली. एकानं विचारलं, "म्यॅडम, मग बाकी खरं हाय का?" आन ती कट्ट्यावर बसली. वर्ग बंद पडलेल्या मास्तरणीला आणखी काय पायजे असतं.

तिनं सांगितलं ते मी वजन करता करता ऐकलं. हे बाराशे वर्षांमागं दर्यावरून इंग्लंडात आलेले डेन लोक आधी लुटून परत जायचे. मग एक मोठी फौज आली आन परत गेलीच न्हाई. एका राज्यानं तर त्यांना घोडे देऊन तह केला, म्हणजे त्या घोड्यांवर बसून ते शेजारचं राज्य लुटायला मोकळे. पुढं तीनच वर्षांत परत येऊन त्यांनी घोडे देणाऱ्या राज्याच्याच राजाला मारलं. सिरियलमधला तो केस वाढवलेला मर्द, ज्यानं म्हणे सगळ्या लढाया जिंकल्या, असा कुणी त्या काळच्या लिखाणात सापडत न्हाई. लिखाण बी कुणाचं, तर आल्फ्रेड नावाच्या राजाच्या दरबारातलं, म्हणून त्यात राजा लई मोठा दिसतो. त्या राजानं ह्या डेनांना एकदा कोंडीत धरलं आन शपथ घ्यायला लावली. त्यांच्या देवाच्या कड्यावर, म्हणजे हातात घालतात त्या कड्यावर. तसली शपथ त्यांनी त्याआधी कुणालाच दिली नव्हती म्हणे.

माणिकप्पा टँकरला टेकून ऐकत होता. म्हणाला, "मग पाळली का?"

"एका रात्री घोड्यांवर बसून निघून गेले, आणि दुसरं गाव जाऊन धरलं," महानंदा म्हणाली.

पोरं खदाखदा हसली. माणिकप्पा बी हसला. मला ते हसू आवडलं न्हाई, पर तवा कळलं न्हाई का ते.

कळलं आठवड्याभरानं. धुरपताबाईच्या विहिरीचं पाणी रात्रीत हातभर उतरायला लागलं. चिखलात टँकरच्या चाकांचे माग. वस्तीतल्या बायांनी पाळत ठेवून माणिकप्पाच्या माणसाला पाईपसकट धरलं. त्या वेळी गावात सगळ्यांना मिळणारं पाणी म्हणजे तेवढी एक विहीर. सगळं गाव तिच्यावर जगत होतं. ज्यांच्या आज्यांनी साहेबरावाला आडावरनं हाकललं होतं, ती सगळी घागरी घेऊन त्याच्याच विहिरीवर. धुरपताबाईनं कुणाला न्हाई म्हणलं न्हाई. पाऊस पडेपर्यंत ते पाणी पुरवायचं, एवढंच तिच्या डोक्यात. टँकर लागला तर पंधरवड्यात तळ दिसणार, हे शेंबड्या पोराला बी कळत होतं.

मग देवळात बैठक बसली. देवळाचा कारभार माझे दीर बसलिंगप्पा भावजी बघतात. आमच्याकडं चाल हाय, भांडण मिटवायचं तर पिंडीवरचा बेल उचलून शब्द द्यायचा. एकदा बेल उचलला की मोडायचा न्हाई, मोडला तर वंशावर येतं. माणिकप्पा मान खाली घालून आला, कपाळाला ठळक विभूती लावून. म्हणाला, "चुकलं माझं. पर माझं बी पोट हाय. दिवस मावळताना एक टँकर मला भरू द्या. बदल्यात सरकारी टँकर दिवसाआड गावात उभा करतो. म्यॅडमच्या राजानं तह केला तसा आपण करू. त्यांनी कड्यावर केला, आपण बेलावर करू."

महानंदा बोलायला उठली. म्हणाली, ते डेन लोक शपथ देऊन गेले आन पुन्हा आले, तसा हा येईल. भावजी म्हणाले, "पोरी, ते परके होते. माणिकप्पा आपला हाय. तो बेल मोडणार न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. आपला हाय. जसं काय आपला असला की पाईप लहान असतो.

धुरपताबाई पायऱ्यांच्या खाली उभी होती. म्हणाली, "विहीर माझी हाय. मला कुणी विचारलंच न्हाई."

तर भावजी काय म्हणाले असतील? ऐका. म्हणाले, "तुमचं बेलाशी काय काम, धुरपताबाई? तुम्ही देव सोडले. तुम्ही कशाला उचलता, तुमच्या वतीनं गाव उचलतंय की."

आन उचलला. तिच्या विहिरीचा तह, आन तीच त्यात न्हाई. मी बोलले तर म्हणाले, बाया बेलाला हात लावत न्हाईत, वैनी, तुम्ही दुकान बघा. महानंदा माझ्या दुकानात येऊन गूळपाण्याचा पेला हातात धरून बसली. म्हणाली, "काकू, तिकडंही हेच झालं होतं. पुढं आल्फ्रेडनं डेनांच्या राजाशी लेखी तह केला. ह्या नदीवरून त्या नदीपर्यंत आमचं, पलीकडं तुमचं. कुणाचा माणूस मारला तर किती भरपाई, तेही लिहिलं. गुलामानं परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही, तेही लिहिलं. त्या गुलामाला कुणी बोलावलं असेल का तिथं?" मी कॉलेजात शिकले न्हाई, पर एवढं मला कळलं. तो पेला तिनं तसाच ठेवला.

पहिल्या दिवशी सरकारी टँकर आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. त्यानंतर तो टँकर गावानं पाहिला न्हाई. माणिकप्पाचा मात्र रोज यायचा. आधी एक, मग दोन, मग दिवसा बी. विचारलं तर म्हणायचा, वरून मंजुरी अडकली, प्रयत्न करायलोय ना. विहिरीच्या तळाचा काळा दगड दिसायला लागला, जो साहेबरावानं गाळ काढतानाच काय तो बघितला असंल. धुरपताबाई काठावर बसून त्या दगडाकडं बघत राहायची, जेवायची न्हाई.

एका सकाळी महानंदानं विहिरीकडं येणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवर बाज आडवी टाकली. गावात सांगून पाठवलं, "शपथेत आमचं नाव नाही, तेव्हा शपथ आमच्यावर नाही. घागर घेऊन कुणीही या. टँकर येणार नाही." आन वस्तीतल्या बायांना कामं वाटून दिली. विहिरीच्या काठाचा एकेक भाग एकेका घरानं सांभाळायचा. ही अक्कल बी तिच्या त्या राजाचीच. लढाई जिंकल्यावर तो शपथेवर विसंबला न्हाई म्हणे, जागोजागी तटबंदीची गावं बांधली आन तटाचा तुकडा तुकडा लोकांना वाटून दिला, की हा तू राखायचा. सिरियलमधी हे कोण दाखवणार, भिंतीवर बसून राहण्यात बघण्यासारखं काय असतं.

इथवर सगळं ठीक होतं. लुटारू म्हणजे लुटारू, त्याचा राग येतो, किळस येत न्हाई. किळस आली ती त्याच दिवशी दुपारी.

आमच्यातल्या बायांचा घोळका विहिरीवर आला. पुढं माझी जाऊ सिद्धम्मा, भावजींची बायको. मला वाटलं, ह्या बी काठावर बसायला आल्या. मी दुकान उघडं टाकून तिथंच बसले होते, सरकून जागा केली. तर सिद्धम्मानं धुरपताबाईपुढं पदर पसरला. म्हणाली, "त्याला टँकर भरू द्या बाई. आमच्या माणसांनी बेल उचललाय."

मी म्हणलं, "अगं, त्यानं मोडला की शब्द. कुठाय सरकारचा टँकर?"

"त्यानं मोडला ते तो भोगंल, आक्का. आपण मोडला तर आपल्या लेकरावर येईल. माझ्या सुनेला सातवा लागलाय."

ऐकलं का? ज्यांच्या घागरी कोरड्या पडणार, त्याच चोराला पाणी द्या म्हणून रडत होत्या. दुसऱ्याच्या विहिरीतलं. आपला देव आपल्यावर रागवू नये म्हणून. मला दिसत होतं की धुरपताबाई विरघळायला लागलीय. सातव्या महिन्याचं नाव काढल्यावर बाईमाणूस विरघळतंच.

तेवढ्यात माणिकप्पा टँकर घेऊन आला, मागं भावजी आन चार मोठी माणसं. भावजी महानंदाला म्हणाले, "पोरी, गावाचा शब्द जातोय. धर्माचं काम हाय, वाट सोड."

महानंदा बाजेवरून उठली. आवाज चढवला न्हाई. "काका, शब्द कुणाच्या देवाच्या नावानं दिला?"

"महादेवाच्या."

"मग महादेवाच्या पाण्यातून फेडा. देवळामागच्या बारवेला कुलूप आहे. आत अजून पाच पायऱ्या पाणी आहे."

बारवेचं गावात सगळ्यांनाच माहीत होतं आन माझ्याशिवाय कुणीच बोलत नव्हतं. शिवरात्रीपासून भावजींनी तिला कुलूप घातलं होतं. अभिषेकाला लागतं म्हणून. अभिषेकाला कळशीभर लागतं. बाकीचं भावजींच्या घरात आन शेजारच्या चार घरांत जात होतं, हे मी डोळ्यांनी बघत होते आन आल्यागेल्याला ऐकवत होते. म्हणून तर मला गप बस म्हणायचे.

माणिकप्पाला काय, पाण्याशी मतलब. म्हणाला, "मला कुठलं बी चालतंय." आन टँकर वळवला देवळाकडं. गाव त्याच्यामागं. मी बी गेले, हा तमाशा सोडते व्हय.

बारवेच्या दारापुढं भावजी दोन्ही हात आडवे करून उभे राहिले. किल्ली कमरेला. माणिकप्पा म्हणाला, "काका, बेल उचललाय तुम्ही." भावजी म्हणाले, "ते धुरपताबाईच्या विहिरीचं ठरलं होतं." माणिकप्पा म्हणाला, "पाण्याचं ठरलं होतं. आन तिकडं तर त्या न्हाई म्हणतात, मग शब्द तुमचाच ना." आता भावजी घामाघूम. माझ्या जावंकडं बघितलं, तर तिचं रडणं पार थांबलेलं. सून, सातवा महिना, लेकरावर येणारं, सगळं कुठं गेलं कुणास ठाऊक. नवऱ्याला म्हणते कशी, "किल्ली देऊ नका. आपण काय प्यायचं?"

आन भावजी बोलले. देवळाच्या भिंतीला पाठ लावून बोलले, "बेल म्हणजे तरी काय रे. झाडाचं पानच की शेवटी."

चार मोठ्या माणसांपैकी एकानं खाकरून घेतलं आन म्हणाला, खरं हाय, आधी त्यानंच मोडलाय. दुसरा म्हणाला, तसा बी शब्द जबरीनंच घेतला होता. सकाळपासून जो शब्द वंशाचा होता, तो आपल्या पाण्यावर आल्याबरोबर पाला झाला. माणिकप्पा लई वेळ शिव्या देत राहिला, गावाचं नाव टँकरच्या यादीतनं उडवीन म्हणाला, आन रिकामा टँकर घेऊन दुसऱ्या गावाकडं गेला. तिथं बी कुणाची तरी विहीर असंलच.

मी महानंदाला म्हणलं, "जिंकलीस की गं." ती देवळाच्या पायरीवर बसली होती. म्हणाली, "काकू, मला वाटलं होतं निदान एक जण तरी किल्ली काढून देईल. मला हरायचं होतं." तिच्या डोळ्याला पाणी होतं. आईच्या विहिरीसाठी तिनं कधी डोळ्यातनं टिपूस काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर रांग लागली. सगळी तीच माणसं. मान वर करून आलेली, जशी काय काल कुणी कुणाला पदर पसरलाच नव्हता. मी धुरपताबाईपाशी बसले होते. ती पोहरा ओढून एकेकीला भरून देत होती, कारण तळ गाठलेल्या विहिरीत ज्यानं त्यानं पोहरा टाकला तर गाळ ढवळतो. सिद्धम्माचा नंबर आला, बारवेचं पाणी राखून ठेवायचं होतं ना. तिनं घागर खाली ठेवली, दोन पावलं मागं सरली आन म्हणाली, "जरा वरून ओता हं बाई. पोहरा घागरीला लावू नका. घरात लिंगपूजा असते."

धुरपताबाईचा हात थांबला. महानंदा काठावर उभी होती, ती आईकडं बघत होती, आईनं काय करावं ते सांगत नव्हती.

मी उठले. जावंची घागर उचलली आन धुरपताबाईच्या पुढ्यात ठेवली. म्हणलं, "हात घालून विसळ आधी. आतून. कोपरापर्यंत. मग भर." म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, मग बाही वर केली, घागरीत हात घातला, आरामात विसळली, ते पाणी काठच्या झाडाच्या आळ्यात ओतलं आन घागर काठोकाठ भरली. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. मी सिद्धम्माला म्हणलं, "न्यायची तर ने. न्हाईतर बारवेची किल्ली घरात हायच."

ती उभी राहिली. पार ऊन चढेपर्यंत उभी राहील असं वाटलं. मग वाकली, घागर डोक्यावर घेतली आन कुणाकडं न बघता चालू लागली. मी तिच्या मागोमाग गेले, मला बघायचंच होतं. तिनं घागर ओट्यावर टेकवली आन नवऱ्याला सगळं सांगितलं, कुणाचा हात, कुठपर्यंत, सगळं. भावजींनी ऐकून घेतलं, दाराकडं बघितलं, मी दारात उभी हाय हे बघितलं, आन तांब्या बुडवून घटाघटा प्याले.